शब्दचर्चा: बघे, साक्षी आणि वेठीस धरलेला शिमोन

विचारणा

उत्तम शुक्रवारच्या उपासनेत दरवर्षी आमच्याकडे येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश असतात. यंदा आमच्या चर्चच्या मंडळीने मला ‘वधस्तंभाजवळचे साक्षी’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. टिपण काढायला बसले आणि पहिल्याच शब्दावर अडले. येशूला वधस्तंभावर दिलं त्या गुलगुथा इथे तर कितीतरी जण होते. चार शिपाई कपडे वाटून घेत होते, येणारेजाणारे डोकी हलवत निंदा करत होते, गालीलाहून आलेल्या बाया दुरून पाहत होत्या, शताधिपती, म्हणजे शिपायांवरचा रोमी अधिकारी, अगदी समोर उभा होता. सगळ्यांनी एकच मरण पाहिलं. मग सगळ्यांनाच साक्षी म्हणायचं का? साक्षी आणि साक्षीदार यांत काही फरक आहे का?

आणखी एक. कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहण्यासाठी ‘वेठीस धरले’ असं आपल्या शास्त्रात, म्हणजे बायबलात आहे. माझी मुलगी म्हणाली, ‘आई, संप करणारे प्रवाशांना वेठीस धरतात, तसं?’ मला नीट उत्तर देता आलं नाही.

उत्तर

ताई, आधी मुलीच्या प्रश्नाचं बघू. तिचा प्रश्न फार चांगला आहे.

‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’वरून आला. विष्टि म्हणजे सक्तीने, विनामोबदला करून घेतलेलं काम. वेठबिगार हा जोडशब्द त्याच घरातला. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत पोचवायला जो हाताशी सापडेल त्याला धरायचं, ही वेठ. आज वर्तमानपत्रांत ‘रुग्णांना वेठीस धरले’ असं येतं तेव्हा अडवणूक करणं, कोंडीत पकडणं एवढाच अर्थ उरलेला असतो. ओझं गेलं, खांदा गेला, फक्त धरणं राहिलं. मुलीने ऐकलेला अर्थ हा नवा अर्थ आहे. शिमोनाच्या बाबतीत मात्र जुना, अस्सल अर्थ शब्दशः लागू पडतो: शेतावरून येणारा माणूस, रस्त्यात सापडला, शिपायांनी धरला, दुसऱ्याचं ओझं त्याच्या खांद्यावर दिलं.

मूळ ग्रीक क्रियापद ‘अंगारेउओ’ आहे. ते पर्शियन साम्राज्याच्या टपालव्यवस्थेतून ग्रीकमध्ये आलं. राजाच्या जासुदांना वाटेतल्या लोकांची जनावरं आणि माणसं कामाला लावायचा हक्क असे. रोमी सैन्यानेही तोच हक्क चालवला. म्हणजे पर्शियन जासूद आणि आपल्याकडचा अंमलदार एकाच रीतीने वागत होते, आणि मराठी भाषांतरकारांना त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. तो गावोगावच्या अनुभवातच होता. माझ्या मते मराठी शास्त्रातल्या सर्वांत नेमक्या शब्दांपैकी हा एक आहे.

आता मत्तय 5:41 काढून बघा. ‘जो कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा.’ तिथेही ग्रीकमध्ये हेच क्रियापद. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने जे शिकवलं, ते त्याच्या शेवटच्या वाटेवर एका परक्या माणसाच्या अंगावर येऊन पडलं. शिमोन स्वखुशीने गेला असं कुठेच लिहिलेलं नाही. पण येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्या चौघांपैकी मार्क एक तपशील देतो जो इतर कोणी देत नाही: हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. वाचकांना ही मुलं ओळखीची असल्याखेरीज त्यांची नावं सांगण्याचं कारण काय? रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात पौल एका रूफाला आणि त्याच्या आईला सलाम सांगतो. तो हाच रूफ असं खात्रीने म्हणता येत नाही, पण मार्कच्या वाचकांमध्ये त्या घरची माणसं होती असं मानायला जागा आहे. वेठीला धरलेल्या माणसाचं घर मंडळीत आलं. तुमच्या टिपणात शिमोनाला साक्षी म्हणून जरूर घ्या, आणि त्याने काय ‘पाहिलं’ यापेक्षा त्याने काय उचललं ते सांगा.

आता साक्षी. ‘स’ अधिक ‘अक्ष’, म्हणजे डोळ्यांसकट. पाणिनीने ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’ असं सूत्रच दिलं आहे, साक्षात पाहणारा तो साक्षी. साक्षीदारात त्यालाच फारसी ‘दार’ जोडलेला आहे, जमीनदार, दुकानदार यांतला. कोर्टाने त्याला आपलंसं केलं, म्हणून साक्षीदार म्हटलं की पिंजरा डोळ्यांपुढे येतो. तुमच्या विषयात ‘साक्षी’ हाच शब्द ठेवा.

पण व्युत्पत्तीवर थांबलात तर शिपाईसुद्धा साक्षी ठरतात, कारण त्यांनाही डोळे होते. म्हणून क्रियापदाकडे बघा. मराठीत साक्ष आपण ‘पाहत’ नाही, साक्ष ‘देतो’. साक्ष काढतो, साक्ष फिरवतो, एखाद्या गोष्टीची साक्ष पटते. बघ्याला यातलं एकही क्रियापद लागत नाही. बघ्यांची गर्दी होते आणि पांगते. लूक अगदी हेच लिहितो: ‘लोक पाहत उभे होते.’ पुढे 23:48 मध्ये जमलेल्या लोकांनी जे पाहिलं त्याला तो ‘थेओरिया’ म्हणतो, म्हणजे पाहण्यासारखं दृश्य, देखावा. नव्या करारात हा शब्द फक्त इथेच आहे. आणि देखावा बघायला आलेले ते लोक ऊर बडवत घरी गेले. त्यांना मी पूर्ण साक्षी म्हणणार नाही, पण नुसते बघेही म्हणवत नाही. साक्ष पटली, दिली मात्र नाही.

योहान 19:35 हे तुमच्या संदेशाचं वचन व्हावं असं मला वाटतं: ‘ज्याने हे पाहिले आहे त्याने साक्ष दिली आहे.’ पाहणं आणि देणं एका वाक्यात.

पुरवणी, वसईहून

ताईंनी आणि सरांनी वधस्तंभ लिहिलं, आम्ही कॅथलिक लोक क्रूस म्हणतो. हा पोर्तुगीज ‘क्रूझ’वरून आला, गोव्यात कोकणीत त्याचा खुरीस झाला. वधस्तंभ शब्दात काय घडलं ते सांगितलं आहे, क्रूस ही खूण झाली. दोन्ही हवेत. उपवासकाळात आम्ही ‘क्रुसाची वाट’ करतो, 14 स्थानं. शिमोन पाचव्या स्थानावर येतो, यरुशलेमच्या रडणाऱ्या स्त्रिया आठव्यावर. सहाव्या स्थानावरची वेरोनिका शुभवर्तमानांत नाही, ती परंपरेतून आली. लहानपणी आजीबरोबर पाचव्या स्थानाशी गुडघे टेकताना ‘हा बिचारा सापडला’ असंच ती म्हणायची. वेठीचा अर्थ तिला ठाऊक असणार.

आणि ग्रीक ‘मार्तुस’ विसरू नका. मूळ अर्थ साक्षी, पण साक्ष देताना जीव गेलेल्यांना पुढे तोच शब्द लागला. आम्ही त्यांना रक्तसाक्षी म्हणतो. हुतात्मा शब्दात आहुती आहे, रक्तसाक्षी शब्दात साक्ष शिल्लक राहते, म्हणून ख्रिस्ती संदर्भात मला तो जवळचा वाटतो.

एक शंका

मी ख्रिस्ती नाही, भाषेच्या आवडीने वाचतो आहे. आमच्याकडे वेदान्तात साक्षी म्हणजे नुसता पाहणारा, कशातही न गुंतणारा. साक्षीभाव ही साधना आहे. मग सरांनी सांगितलेल्या अर्थाशी हे उलट नाही का होत?

उत्तर

उलटच आहे, दादा, आणि तुम्ही ते दाखवलंत हे फार बरं झालं. एकाच शब्दाने दोन वेगळ्या वाटा धरल्या. साक्षीभावात पाहणारा घटनेने बदलत नाही, तेच त्याचं मोठेपण. शुभवर्तमानात पाहणाऱ्याला त्या पाहण्याने धरलं पाहिजे, त्याच्या तोंडून काही निघालं पाहिजे. ताईंच्या श्रोत्यांच्या मनात दोन्ही अर्थ असतील. आपल्या भाषेत ते दोन्ही नांदतात, तेव्हा हा फरक संदेशात एका वाक्यात सांगावाच.

शताधिपतीचंच बघा. ग्रीक मार्कमध्ये तो ‘केन्तुरिओन’, सरळ लॅटिन शब्द, तर मत्तय आणि लूक ग्रीक शब्द वापरतात. नाव शंभरांचं, पण प्रत्यक्षात त्याच्या तुकडीत साधारण 80 माणसं असत. मरणं पाहणं हे त्याचं कामच होतं, आणि अलिप्त राहण्याचा त्याला सराव असणार. तो म्हणाला, ‘खरोखर हा मनुष्य देवाचा पुत्र होता.’ ‘खरोखर’ या शब्दावर मी दरवर्षी थांबतो. थोड्याच वेळाने रोमी सुभेदार पिलात त्याला बोलावून येशू मरून बराच वेळ झाला का, एवढंच विचारतो (मार्क 15:44), आणि तो ते सरकारी उत्तर देतो. एकाच माणसाने एकाच दिवशी दोन साक्षी दिल्या. पिलाताला हवी होती ती दुसरी. आपल्यापर्यंत पोचली ती पहिलीसुद्धा.

बायांबद्दल ताईंनी विचारलं नाही, पण सांगतो. मार्कने त्यांची नावं तीनदा लिहिली: मरण पाहताना, कबर पाहताना, रिकामी कबर पाहताना. मग्दालीया मरीया तिन्ही ठिकाणी आहे. त्या काळी स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये असं त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस नोंदवतो, आणि लूक सांगतो की प्रेषितांनाही त्यांचं बोलणं बडबडीसारखं वाटलं. कोर्टाच्या अर्थाने त्या साक्षीदार नव्हत्या. साक्षी मात्र त्याच होत्या, सलग तीन दिवसांच्या.

विचारणाऱ्या ताई

सर्वांची आभारी आहे. मुलीला वेठीचा अर्थ सांगितला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘मग त्याला घरी जायला उशीर झाला असेल.’ संदेशाचं शीर्षक मी बदलते आहे, ‘साक्ष देणारे’. सुरुवात शिमोनापासून करते. वसईच्या दादांच्या आजीचं वाक्य वापरलं तर चालेल का?

वसईहून

वापरा ताई. आजीला आवडलं असतं.