'कागदांचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

बाजूचा_गियर: काल इथे कुणीतरी भोरजवळच्या शेडमधल्या ७४ च्या फियाटचा फोटो टाकला. किंमत ३५,०००, खाली ओळ 'आरसी नाही पण गाडी सोनं आहे, उचला, कागदांचं नंतर बघू'. आणि त्यावर बदामांचा पाऊस. मला रात्री झोप नाही. मी नऊ वर्षं 'नंतर बघतोय', म्हणून लिहितो.

माझी पद्मिनी ७८ ची, २०१६ ला इस्लामपूरकडे एका गोठ्यात कडब्याखाली सापडली, २८,००० ला. विकणाऱ्याकडे कागद एकच, शंभराच्या स्टॅम्पवर आधीच्याने लिहून दिलेला. हा तिसरा मालक, नोंद पहिल्याच्या नावावर, आणि पहिला ९४ सालीच वारलेला. म्हटलं होईल. फ्लोअर सडलेला तो नवीन, लाइनर-पिस्टन, डेंटिंग-पेंटिंग, १,८०,००० गेले. मग आरटीओत गेलो (कुठल्या ते विचारू नका). कॉम्प्युटरला गाडीच नाही, एमएचच्या आधीचा तीन अक्षरी नंबर, रजिस्टर काढावं लागेल म्हणाले. चार चकरांनी रजिस्टर निघालं तर अर्धं पान वाळवीने जेवलेलं. मालकाचं नाव शाबूत, सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरचे शेवटचे तीन आकडे वाळवीच्या पोटात. नाव बदलायच्या २९-३० नंबर फॉर्मवर मालकाची सही घ्यायला आता वर जायचं का? मग वारसांकडून ३१ नंबर, मालक वारला की लागतो तो. वारस तीन, दोन मिरजेत, एक इंदूरला, एकमेकांशी बोलणं बंद. धाकट्याला कळलं की सहीवाचून अडलंय, त्याने १५,००० मागितले, दिले. इंदूरवाले फोन उचलत नाहीत. मूळची काळी पाटी होती, मराठी आकड्यांची, एजंट म्हणाला साहेब चिडतात, तीपण काढली. गाडी सोसायटीत कव्हरखाली. रविवारी सुरू करतो, बंद करतो.

जीपवाला_जुन्नर: तुमचं अडलं म्हणून सगळ्यांचं अडतं का राव. माझी जीप मिलिटरी डिस्पोजलची, एजंटला २२,००० दिले, दीड महिन्यात आरसी हातात. त्याला काय सांगितलं कुणाला सांगितलं मी विचारलं नाही. आणि २०२१ पासून व्हिंटेजचा नियम आहे ना, ५० वर्षं झाली की २०,००० फी भरा, नवीन नंबर, मध्ये 'व्हीए', दहा वर्षं बघायला नको. भोरची ७४ ची आरामात बसते. लोकांना उगाच घाबरवू नका, तुमच्यासारख्यांमुळेच गाड्या भंगारात जातात.

निवृत्त_टेबल_४: जीपवाले, नियम शेवटपर्यंत वाचत चला. गाडी भारतात आधी नोंदलेली असेल तर व्हिंटेजच्या अर्जाला जुनी आरसी जोडायची असते. म्हणजे आरसी नाही म्हणून व्हिंटेज, आणि व्हिंटेजला आरसी. शिवाय त्या नंबरवर रोजची भाजी आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बास. आणि ५० वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात, गियरवाल्यांची ७८ ची आत्ता बसतच नाही. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदलही चालत नाही. तुमच्या जीपमध्ये मूळचं पेट्रोल इंजिन आहे का?

जीपवाला_जुन्नर: डीआय टाकलंय, डिझेलचं. मूळचं लिटरला पाच देत होतं, तुम्ही भरणार होता का पेट्रोल?

निवृत्त_टेबल_४: आणि आरसीवर?

जीपवाला_जुन्नर: पेट्रोल.

निवृत्त_टेबल_४: मग २२,००० देऊन आणलेली ती आरसी नक्की कुठल्या गाडीची आहे, एकदा शांतपणे बघा.

अस्सल_देवनागरी: सगळे आरसी आरसी करताय, मूळ पोस्टमधलं एक वाक्य कुणाला टोचलं नाही का? मराठी आकड्यांची पाटी काढली! एजंट म्हणाला म्हणून! अहो गाडीचे कागद परत करता येतात, रंगाऱ्याने हाताने काढलेला तो ४ आणि तो ९ परत कुठून आणणार? महाराष्ट्रात राहून मराठी आकडा बेकायदा, याची लाज कुणाला?

शून्य_खर्च: झालं सुरू. नियमात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे असं स्पष्ट आहे. ट्रॅफिकवाल्याच्या कॅमेऱ्याला तुमचा ९ वाचता येत नाही, आणि खरं सांगू, माझ्या पोरालाही येत नाही.

अस्सल_देवनागरी: पोराला येत नाही हा नियमाचा दोष की बापाचा?

शून्य_खर्च: बापावर जाऊ नका. तुमच्या स्वतःच्या गाडीला आहे का मराठी पाटी? नवीन हायसिक्युरिटी प्लेटसाठी रांगेत पहिले तुम्हीच असाल.

अस्सल_देवनागरी: लावली, कारण दंड परवडत नाही. पण जुनी पाटी हॉलमध्ये भिंतीवर आहे. बायको म्हणते फोटोला हार घालतात तसा हिलाही घाला.

जीपवाला_जुन्नर: हायसिक्युरिटीचं नाव काढू नका, माझं अजून बुकिंग होत नाही, पोर्टल म्हणतं इंजिन नंबर जुळत नाही.

निवृत्त_टेबल_४: आश्चर्य आहे.

बाजूचा_गियर: पाटी माझ्याकडेच आहे हो, फेकलेली नाही, माळ्यावर आहे. मूळ मुद्द्यावर या जरा.

लुना_ते_नॅनो: मी दुसऱ्या बाजूने बोलते, विकणाऱ्यांच्या. बाबांनी ९९ साली आमची फियाट विकली, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे घेतले, पेढे वाटले. घेणाऱ्याने नावावर केलीच नाही, पुढे कुणाकुणाला विकली देव जाणे. २०१३ ला घरी अपघात न्यायाधिकरणाची नोटीस, एक माणूस जखमी, विमा नाही, रेकॉर्डला मालक बाबा. ७१ वर्षांचा माणूस अडीच वर्षं तारखांना जात होता, डबा मी द्यायचे. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या एका निकालात हेच म्हटलंय, नोंद ज्याच्या नावावर तोच मालक धरायचा, गाडी मधे कितीही हातांतून गेली तरी. तेव्हा 'नंतर बघू' म्हणताना कागदावर कुणाचा तरी बाप उभा असतो एवढं लक्षात ठेवा. आणि गियरवाले दादा, रागावू नका, पण तुमच्याही गाडीच्या कागदावर मिरजेच्या लोकांचे वडील आहेत, आणि तुम्ही ती सोसायटीबाहेर एकदाही काढली नाही यावर माझा विश्वास नाही.

बाजूचा_गियर: एकदा. पेट्रोल पंपापर्यंत. पहाटे.

लुना_ते_नॅनो: बघा.

बाजूचा_गियर: ठीक आहे, चुकलो. पण तुमच्या या गोष्टीचा मला उपयोग आहे. इंदूरवाल्यांना आजवर मी विनंत्याच केल्या, आता हेच लिहून पाठवतो, वडिलांच्या नावावर गाडी जिवंत आहे म्हणून. धमकी नाही, माहिती.

निवृत्त_टेबल_४: पत्र साध्या भाषेत लिहा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. आणि सही आली तरी त्या तीन आकड्यांचं राहतंच. चेसिसचा ठसा पेन्सिलने कागदावर घासून घ्या, जुनी विमा पॉलिसी किंवा टॅक्सची पावती कुठे सापडते का बघा, त्यावर पूर्ण नंबर असायचा. बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरची नोंद कॉम्प्युटरवर चढवणं, त्यावर होऊ शकते. होईलच म्हणत नाही. तेहतीस वर्षं आरटीओच्या खिडकीमागे काढली, 'होईलच' हा शब्द मी कुणाला दिला नाही.

जीपवाला_जुन्नर: आम्ही एजंट धरला की चोर, आणि साहेब स्वतः युक्त्या सांगतात ते मार्गदर्शन. चालू द्या.

शून्य_खर्च: माझा साधा हिशोब. गाडी २८, दुरुस्ती १८०, धाकटा वारस १५. सव्वादोन लाख घालून पहाटेची एक फेरी. तेवढ्यात कागद असलेली पद्मिनी आली असती, वर पेट्रोलही. कालच्या भोरवाल्या पोस्टखाली बदाम टाकणाऱ्यांनी हे वाचावं. माझ्यापुरतं सांगतो, त्या फियाटच्या वाटेला कुणी जाऊ नये.

बाजूचा_गियर: अगदी बरोबर. कुणी जाऊ नका.

शून्य_खर्च: एवढ्या लवकर पटलं? तुम्ही जाताय ना?

बाजूचा_गियर: रविवारी. फक्त चेसिस बघायला. पेन्सिल घेतली आहे. टोकन वगैरे काही देणार नाही.

लुना_ते_नॅनो: 🙏

अस्सल_देवनागरी: पाटी मराठीत असेल तर फोटो टाका.