स्टालिनच्या मरणावर हसायचं का?

उनाड_पाखरू:
काल 'द डेथ ऑफ स्टालिन' (२०१७, अर्मांडो इयानुची) परत बघितला. स्टालिनच्या खोलीतून धप्पकन आवाज येतो, दाराबाहेरचे दोन्ही पहारेकरी ऐकतात, पण दार उघडायची छाती कुणाची नाही, उगाच झोपमोड केली म्हणून गोळी कोण खाणार? सकाळी बघतात तर साहेब मुतात पडलेले. डॉक्टर बोलवावा तर चांगले डॉक्टर सगळे आधीच आत टाकलेले आणि बोलवायचा का हे पण पक्षाच्या बड्या नेत्यांची कमिटी ठरवणार!! पोट धरून हसलो आणि मग एकदम चरचरलं. हुकूमशाहीवर याच्या तोडीचा सिनेमा मी तरी बघितला नाही.

कडू_कारलं:
मी अर्ध्यात बंद करणार होतो. लाखो माणसं मेली राव, त्यात कसली कॉमेडी. आणि इतिहासाचं पार भरीत केलंय. बेरियाला, म्हणजे स्टालिनच्या गुप्त पोलिसांच्या म्होरक्याला, पकडला जून १९५३ मध्ये, मारला डिसेंबरात, इथे अंत्यविधी उरकला की लगेच खटला, गोळी, पेट्रोल टाकून जाळणं, सगळं तासाभरात.

उनाड_पाखरू:
तारखा आवळल्यात, मान्य. पण हसू मेलेल्यांवर नाहीये हो, वाचलेल्यांच्या लाचारीवर आहे. स्टालिनचा जुना साथीदार मोलोटोव्ह तुरुंगातल्या बायकोला गद्दार म्हणत असतो, तेवढ्यात बेरिया तिलाच दारात आणून उभी करतो, त्याचा चेहरा बघा. आणि ही बायको, पोलिना, खरंच तुरुंगात होती, स्टालिन गेल्यावरच सुटली.

मधलीसुट्टी:
मला तो सीन सगळ्यात खरा वाटला, ख्रुश्चेव्ह (स्टालिननंतर पुढे सत्ता यानंच घेतली) रात्री पिऊन घरी येतो आणि कुठल्या जोकवर स्टालिन हसला, कुठल्यावर नाही ते बायकोला लिहून घ्यायला सांगतो. आमच्या ऑफिसात एक साहेब होता, त्याच्या पीजेवर आम्ही असेच हसायचो, वही तेवढी ठेवली नव्हती 😄

कडू_कारलं:
हाच तर प्रॉब्लेम. ख्रुश्चेव्ह बघणाऱ्याला आपला बिचारा मामा वाटायला लागतो. १९३७-३८ च्या स्टालिनच्या कत्तलीत त्याचे हात रंगलेले, १९५६ ला हंगेरीतला उठाव चिरडायला बुडापेस्टमध्ये रणगाडे घातले ते यानंच. एक बेरिया राक्षस केला की बाकीचे सुटले, असं नाही चालत.

उनाड_पाखरू:
सुटले कुठे? शेवटी ख्रुश्चेव्हच्या मागच्या रांगेतून ब्रेझनेव्ह, म्हणजे पुढे त्याचीच खुर्ची घेणारा, टपून बघतोय. रशियाने जानेवारी २०१८ मध्ये रिलीजच्या तोंडावर सिनेमाचा परवाना काढून घेतला, म्हणजे कुठेतरी झोंबलंच ना.

कडू_कारलं:
झोंबलं म्हणून सिनेमा चांगला होत नाही. लष्कराचा मार्शल झुकॉव्ह मात्र आवडला, छातीवर पदक लावायला बोटभर जागा उरली नव्हती.