हॉटेलातला धूर: तुमच्या आठवणी आणि मतं लिहा

मुक्ता_के
परवा बाबांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्या नळीत जोरात फुंकायची टेस्ट झाली आणि डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, किती वर्षं ओढताय?" बाबा म्हणाले, "मी नाही ओढत साहेब, कस्टमर ओढायचे." बाबा परळला एका परमिट रूममध्ये वेटर होते. एसी सेक्शनला टिप बरी मिळायची म्हणून तिथली ड्यूटी मागून घ्यायचे, आणि धूर सगळ्यात जास्त तिथेच, कारण दारं-खिडक्या बंद. रात्री घरी आले की आई शर्ट बाहेरच्या दोरीवर टाकायची, बाकीच्या कपड्यांत मिसळायची नाही.
हॉटेलातली बंदी आली तेव्हा पेपरात, टीव्हीवर सगळीकडे "व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला" चाललं होतं. मलाही तो मुद्दा अगदीच फालतू वाटत नाही, माणसाने काय ओढावं-प्यावं ते सरकारने का सांगावं? पण त्या सगळ्या चर्चेत ट्रे घेऊन उभा असलेला माणूस कुणाच्या हिशेबात नव्हता. तुमच्या आधीच्या-नंतरच्या आठवणी लिहा. ओढणाऱ्यांनीही लिहा, भांडायला नाही बोलावलंय.

भाऊ_शिवडी
मी ओढतो. नियम पाळतो, बाहेर जाऊन ओढतो. बाबांना लवकर आराम पडो. पण मला सांगा, दहा टेबलांचं हॉटेल, मालक ओढणारा, गिऱ्हाईक ओढणारं, दारावर भला मोठा बोर्ड लावला की इथे धूर असतो, ज्याला चालत नाही त्याने येऊ नये, तर बिघडलं कुठे? तीस किंवा जास्त सीटांच्या हॉटेलला वेगळी स्मोकिंग रूम करायची मुभा आहे, म्हणजे मोठ्यांना सवलत आणि छोट्या मालकाला दंडुका. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

निशा पाटील
@भाऊ गिऱ्हाईक दुसऱ्या हॉटेलात जाईल हो, वेटर कुठे जाणार? त्याने नोकरी सोडायची का? माझा मामा ऑर्केस्ट्रा बारमध्ये ढोलकी वाजवायचा, गायिकांचे घसे बसायचे रोज. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

रत्नागिरीचा_आंबा
परळला कुठलं ओ? हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतलं? तिथली सुरमई फ्राय काय असायची!!

मुक्ता_के
@आंबा तेच असावं 😀 सुरमईची मोठी तुकडी कुणाला द्यायची ते बाबाच ठरवायचे म्हणे

अॅड_स्नेहल
थोडं कायद्याचं, कारण लोक समजतात हे सगळं २००८ ला अचानक झालं. केरळ हायकोर्टाने १९९९ लाच सार्वजनिक जागी ओढायला बंदी केली होती. मग आपल्या मुंबईच्या मुरली देवरांची याचिका, त्यावर सुप्रीम कोर्टाचा आदेश नोव्हेंबर २००१ चा. त्यात दवाखाने, शाळा-कॉलेजं, लायब्ररी, कोर्ट, रेल्वे वगैरे होतं. आधार कलम २१, जगण्याचा हक्क: जो ओढत नाही त्याला दुसऱ्याच्या धुराने का मारायचं. २००३ ला केंद्राचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवीन नियमांनी हॉटेल, बार, ऑफिस सगळं आलं. ओढणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत. मालकाने अॅशट्रे, माचिस, लायटर काहीच द्यायचं नाही.
@भाऊ, तुमचा छोट्या मालकाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय म्हणून मोठ्यांची सवलत काढा, छोट्यांना नवी कशाला? आणि २०१७ पासून त्या स्मोकिंग रूममध्ये सर्व्हिस द्यायचीच नाही असा नियम आहे. म्हणजे मुक्ताच्या बाबांचा विचार झाला, उशिरा का होईना.

काउंटरवरचा_अण्णा
आमचं परमिट रूम होतं ठाण्याला, मी तेव्हा गल्ल्यावर बसायचो. २ ऑक्टोबर म्हणजे गांधी जयंती, ड्राय डे, बार बंदच. त्यामुळे आमच्यासाठी खरी बंदी ३ तारखेला चालू झाली. सकाळीच सगळ्या टेबलांवरचे अॅशट्रे पोत्यात भरले. संध्याकाळी जुने कस्टमर आले, सवयीने खिशात हात गेला, पोऱ्या हळूच म्हणाला साहेब बाहेर. काही रागावले, एकाने बिल न देता उठायची धमकी दिली. धंदा बसेल अशी भीती आम्हाला पण होती. उलट झालं, फॅमिली यायला लागल्या. आणि छतावरचा तो पिवळा तेलकट थर, दर दिवाळीला रंग काढायला लागायचा, ते बंद झालं. पोरांचा खोकला कमी झाला का ते मात्र तेव्हा कोणी विचारलंच नाही, आज हा धागा वाचून वाटलं विचारायला पाहिजे होतं.

लिफीकाठची
मी डब्लिनला. आयर्लंडमध्ये २९ मार्च २००४ ला पबमध्ये बंदी आली, सगळ्या देशभर करणारा जगातला पहिला देश. इथे पब म्हणजे आपल्याकडचा पार, त्यामुळे केवढा गदारोळ झाला होता. पण मुद्दा मांडला गेला तो कामाच्या जागेचा: बारमागे उभा राहणारा पण कामगारच ना, त्याला शुद्ध हवा हवी. मला वाटतं आपल्याकडे पहिल्यापासून असं बोललो असतो तर स्वातंत्र्याची चर्चा वेगळी झाली असती. आता लोक थंडीत बाहेर उभे राहून ओढतात, गप्पा मारतात, तिथेच ओळखी होतात, लग्नं पण जमलीत 😄

सोलापूरची_लेक
हॉटेलचं मला फार माहीत नाही, आम्ही कधी जातच नव्हतो. आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, ओलं करून कापलेलं पान, पत्र्याच्या मापाने कापायचं, भरायचं, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा. बोटं तपकिरी. तंबाखूची धूळ घरभर, आम्ही पोरं त्यातच झोपायचो. हजार बिड्या झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथला माणूस खराब म्हणून बाजूला काढायचा त्याचे पैसे नाहीत. ओढणाऱ्याचं स्वातंत्र्य, न ओढणाऱ्याचा हक्क, सगळं बरोबर, पण आईला कुणी दुसरं काम दिलं नाही. बंदीबद्दल बोलताना हे पण बोला एवढंच म्हणणं.

निशा पाटील
आले. @सोलापूरची_लेक आई कशा आहेत आता?

सोलापूरची_लेक
बऱ्या आहेत, वळणं बंद केलं, डोळ्यांना दिसत नाही. दम लागतो.

पेडणेकर
आमच्या गोव्यात धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध १९९७ चाच कायदा आहे, थुंकणं पण त्यातच धरलं ते मला जास्त आवडतं. लोकं थुंकायची थांबली का, ते मात्र विचारू नका.

भाऊ_शिवडी
@सोलापूरची_लेक वाचून गप्प झालो. @स्नेहल मालकाच्या मर्जीवर सोडावं हे माझं मत अजून आहे, पण वेटरला त्या खोलीत पाठवायचं नाही हा नियम मला शंभर टक्के मान्य. आणि मुक्ता, एसी सेक्शनमध्ये बसून ओढणाऱ्यांत मीही होतो, परळलाच. बाबांना नमस्कार सांगा.

मुक्ता_के
सांगते. ते म्हणतील ओळखतो, कुठल्या टेबलावर बसायचा ते सांग.

अ_जोशी
सोसायटीच्या जिन्यात ओढणाऱ्यांचं काय करायचं? आमच्या मजल्यावर रोज रात्री. तो पण व्यक्तिस्वातंत्र्यच म्हणतो.

अॅड_स्नेहल
@अ_जोशी त्याला वेगळा धागा काढा, तिथे लिहिते सविस्तर.