जिनसेंग घेऊन शुगरची गोळी सोडणाऱ्यांनी हे वाचा

धरमपेठची लेक:
कॉलनीच्या ग्रुपवर परवा एका काकांनी टाकलं, "कोरियन जिनसेंग सुरू करा, तीन महिन्यांत मेटफॉर्मिन सुटते. माझी सुटली." खाली नमस्कारांची रांग. मला राहवेना. गेल्या मे महिन्यात माझ्या आईने असंच ऐकून गोळ्या बंद केल्या, घरात कोणाला सांगितलं नाही. बाहेर 45 अंश. तिचं तोंड कोरडं, सारखी तहान, गळून गेलेली. आम्हाला वाटलं ऊन लागलं. दोन दिवस मी तिला गुळाचं पन्हं पाजत होते. शुगर निघाली 438. त्या पन्ह्याचे ग्लास मला अजून आठवतात.

इतवारीवाला भाऊ:
ताई, आईचं वाचून वाईट वाटलं. पण गोळी त्यायनं सोडली, दोष जिनसेंगले काहून? मी दीड वर्षापासून घेऊन रायलो, मेटफॉर्मिन चालूच हाय. जेवणानंतरची 210 यायची, आता 160. टोरांटोले 2000 साली तपासलं हाय, 3 ग्रॅम अमेरिकन जिनसेंग देऊन मंग ग्लुकोज पाजलं, तं साखर पाचव्या हिश्श्यानं कमी चढली. हे खोटं हाय का?

धरमपेठची लेक:
खोटं नाही. पण त्यात मधुमेही फक्त 9, आणि मोजलं ते एका वेळच्या ग्लुकोजनंतर. 2011 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला महिनाभर जिनसेंग देऊन पाहिलं. इन्सुलिन ना जास्त स्रवलं, ना जास्त लागू पडलं. जिनसेंगमधल्या ज्या जिन्सेनोसाइड नावाच्या द्रव्याचा एवढा गाजावाजा, ते रक्तात सापडलंसुद्धा नाही.

इतवारीवाला भाऊ:
तेही 15 लोकायवरच होतं. मंग माह्या 9 ले काहून नावं ठेवता? जिनसेंगमधलं आरबी वन नावाचं जिन्सेनोसाइड आतड्यातले जंतू मोडतात, तवा त्याचं रक्तात जानारं कंपाउंड के होते. सगळ्यायचे जंतू सारखे नसतात. मले लागू पडलं असंन.

मेडिकलवाली:
भाऊ, बाटलीवर नाव काय आहे? आमच्या दुकानात "इंडियन जिनसेंग" म्हणून लोक नेतात ती अश्वगंधा. ती वांग्या-मिरचीच्या कुळातली, तिच्यात जिन्सेनोसाइड नसतातच. आणि ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. वॉरफेरिनवाल्यांनी तर हात लावू नये, रक्त पातळ ठेवणारा असर कमी होतो.

इतवारीवाला भाऊ:
पॅनॅक्स लिवलं हाय, म्हंजे असली जिनसेंगच. वाचता येते मले. तुमी शिकलेले लोक आमाले अडाणीच समजता.

प्रतापनगरचे मास्तर:
मूळ प्रश्न हा आहे की लोक ग्रुपवर का विचारतात? मागच्या महिन्यात अडीच तास रांगेत बसलो. डॉक्टरांनी चार मिनिटं दिली, रिपोर्टवरून मान वर केली नाही. कोणती भाकरी खाऊ विचारलं तर "कमी खा" म्हणाले. फी मात्र पूर्ण.

मेडिकलवाली:
सर, सकाळपासून साठ पेशंट तपासणाऱ्याने किती वेळ द्यायचा?

प्रतापनगरचे मास्तर:
साठ घेऊ नयेत! मी चाळीस वर्षं शिकवलं. मागच्या बाकावरच्यालाही नावाने ओळखत होतो.

नंदनवनची वहिनी:
मास्तर बरोबर बोलले. माझ्या सासऱ्यांच्या पायाची जखम त्या चार मिनिटांत कोणी पाहिलीच नाही. पुढे अंगठा काढावा लागला.

मेडिकलवाली:
वहिनी, ते चुकलंच. माझं साठ पेशंटचं बोलणं मागे घेते.

धरमपेठची लेक:
आईने डॉक्टरांना घाबरूनच सांगितलं नव्हतं, हे मलाही मान्य करावं लागेल. पण भाऊ, तुमच्या डॉक्टरला जिनसेंग माहीत आहे?

इतवारीवाला भाऊ:
नाही सांगतलं. ओरडतीन म्हणून.

धरमपेठची लेक:
हेच! तीन महिन्यांची सरासरीवाली तपासणी केली?

इतवारीवाला भाऊ:
नाही केली. घरच्या मशीनवरच पायतो. बरं, सोमवारी करतो न बाटली बी घेऊन जातो दाखवाले. बंद मात्र तुमच्या सांगण्यानं करनार नाही.

मेडिकलवाली:
ग्लिमेपिराइड आहे का, ते आधी सांगा.

इतवारीवाला भाऊ:
हाय. सकाळची अर्धी.