मदत हवी आहे: घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरचा पाइप जमिनीलगत फुटलाय. जमीन फोडावी की पाइप वरून आणावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. घर स्वतःचं, सत्तरच्या दशकातलं. खालच्या मजल्याची जमीन काँक्रीटची, वर कार्पेट, बॉयलर कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकातूनच). हॉलमधल्या रेडिएटरचा तांब्याचा पाइप (१५ मिमी) नेमका काँक्रीटमधून वर येतो तिथे गेलाय. आधी नुसता हिरवट डाग होता, पितळेच्या भांड्यात ताक कळकल्यावर दिसतो तसा. काल संध्याकाळी हीटिंग सुरू झालं आणि तिथून बारीक धार थेट स्कर्टिंगवर उडायला लागली. पाणी काळंकुट्ट. कार्पेट बदामी होतं, ते आता विसरायचं.

रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व बंद केले, उपयोग शून्य, कारण भोक व्हॉल्वच्या खाली आहे. बॉयलर बंद केला, फिलिंग लूपचे (सिस्टिममध्ये पाणी भरायच्या जोडणीचे) नळ बंद आहेत ना ते पाहिलं. गेजचा काटा १.३ बारवरून ०.३ वर आला, आता धार नाही पण ठिबकतंय. जुने पंचे गुंडाळलेत, भिजले की बादलीत पिळायचे आणि परत गुंडाळायचे. रात्रभर आळीपाळीने हेच.

प्रेशर नाही म्हणून बॉयलर चालत नाही, म्हणजे नळालाही गरम पाणी नाही. बाहेर २ अंश. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांच्या खोलीत इलेक्ट्रिक हीटर लावलाय, आंघोळीचं पाणी गॅसवर पातेल्यात. सासरे तिकडून व्हिडिओ कॉलवर एकच सांगतायत, "एमसील लावा, काही होत नाही."

दोन प्लंबर येऊन गेले. पहिला म्हणतो, जमीन फोडून खराब तुकडा बदलतो. दुसरा म्हणतो, जमिनीतला पाइप कायमचा सोडून द्या, वरच्या मजल्याच्या फळ्यांखालून नवा पाइप आणून भिंतीवरून खाली सोडतो. याला पैसे जास्त, शिवाय हॉलच्या कोपऱ्यात ट्रंकिंग (पाइप झाकणारी पट्टी) दिसणार. नवऱ्याचं मत पहिल्या बाजूने, माझं ठरत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा. आणि तोवर ठिबकणं कसं थांबवू?

प्रतिसाद
आधी ठिबकण्याचं बघा. जवळ एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर उचला. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात १५ मिमीचा पाइप रिपेअर क्लॅम्प मिळतो, आत रबर असतं, स्क्रू आवळले की झालं. पण क्लॅम्प बसायला भोकाच्या दोन्ही बाजूंना थोडा सरळ पाइप लागतो. तुमचं भोक अगदी जमिनीलगत असेल तर सिस्टिम रिकामी करणं हाच उपाय. खालच्या एखाद्या रेडिएटरजवळ ड्रेन कॉक (पाणी काढायचा छोटा नळ) असेल, त्याला होजपाइप क्लिपने घट्ट लावून दुसरं टोक बाहेर गटारात सोडा, मग वरच्या रेडिएटरचे ब्लीड व्हॉल्व (हवा सोडायचे) उघडा. एमसीलबद्दल सासऱ्यांचा मान राखून: ओल्या पाइपवर ते धरत नाही. पाणी उतरवून, पाइप घासून कोरडा केलात तर चार दिवस निघतील.

आणि फिलिंग लूपने सारखं पाणी भरत बसू नका. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात.

प्रतिसाद
ताई, इन्शुरन्सला फोन केलात का? पॉलिसीत "ट्रेस अँड ॲक्सेस" शोधा. असेल तर गळती शोधायला जमीन फोडणं आणि परत बुजवणं याचा खर्च सहसा त्यात धरतात, पाइपचा मात्र बहुधा नाही. कार्पेट उचलण्याआधी फोटो काढून ठेवा.

धागाकर्ती
क्लॅम्पला जागा नव्हती. ड्रेन कॉक जेवणाच्या खोलीत सापडला, पाणी उतरवलं, आता सगळं कोरडं. पॉलिसीत ट्रेस अँड ॲक्सेस आहे, त्यामुळे नवरा म्हणतोय मग फोडूच की जमीन.

प्रतिसाद
मी दुसऱ्या प्लंबरच्या बाजूने. काँक्रीटमध्ये तांबं उघडं टाकलं की बाहेरून खाल्लं जातं. तो पाइप ज्यांनी पुरला त्यांनीच बाकीचेही त्याच पद्धतीने पुरले असणार. आज हॉल, पुढच्या हिवाळ्यात किचन. पहिल्याला एवढंच विचारा: पाइपला टेप किंवा स्लीव्ह (वरचं आवरण) आहे का? कोपऱ्यात वीतभर फोडून दिसेल. गुंडाळलेला निघाला तर तुकडा बदलून भागेल, पण गाडायचा जोड सोल्डरचाच हवा, नटाचा कॉम्प्रेशन जोड काँक्रीटखाली नको. उघडा निघाला तर वाद संपला, वरून आणा. ट्रंकिंगला भिंतीचा रंग दिला की आठवड्याने लक्षातही येत नाही.

निव्वळ पाइपच्या कामाला गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत) नोंदणी लागत नाही, पण प्लंबर बॉयलर उघडणार असेल तर त्याचं गॅस सेफ कार्ड बघाच. आणि सिस्टिम परत भरताना इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) टाकायला सांगा, जुनं सगळं गटारात गेलंय.