एव्हरेस्ट बेस कॅम्प: लुक्लाला विमानाने की सल्लेरीहून चालत?

घाटवाट: एप्रिलमध्ये मी आणि मेहुणा एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातोय. काठमांडू ते काठमांडू माणशी ७० हजार (आपले रुपये), सुट्टी १८ दिवस. दोन्ही वाढणार नाहीत. माझा डावा गुडघा उताराला कुरकुरतो. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाला विमानाने जावं, की जीपने खालचं सल्लेरी गाठून पुढे चालावं? बूट घेऊन झालेत, त्यावर सल्ला नको.

रानमांजर: बूट कोणते? नंबर अर्ध्याने मोठा घ्यायचा असतो. उतरताना बोटं पुढे आपटतात. माझी दोन्ही अंगठ्यांची नखं गेली.

दुर्गवेडा: विमानच. ५२७ मीटरची धावपट्टी, तीही चढाची! गर्दीच्या मोसमात मात्र बहुतेक विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. तिथे पोचायला मध्यरात्री जीपमध्ये बसायची तयारी ठेवा. सामान माणशी साधारण १५ किलो.

नाना_पायपीट: आम्ही थेट जिरीहून, म्हणजे सल्लेरीच्याही अलीकडून, चालत गेलो होतो. विमानाने जाऊन कसला ट्रेक? हल्लीच्या मुलांना वायफाय आधी लागतं, डोंगर नंतर.

घाटवाट: नाना, मी ४९ वर्षांचा आहे.

चहाटळ: आम्ही येताना गोरक्षेपहून (बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम) हेलिकॉप्टर केलं. गुडघ्याचा प्रश्नच मिटला. बजेट थोडं वाढवा.

घाटवाट: थोडं??

हिमकण: लुक्लाला धुकं आलं की विमानं बंद. परतताना मी तीन दिवस तिथे अडकले, रोज सकाळी सॅक भरायची आणि दुपारी उघडायची. पुढचं तिकीट बुडालं ते वेगळंच. दोन्ही वेळा जीपच करा, उशीर झाला तरी पोचता.

दुर्गवेडा: सल्लेरीचा रस्ता सांगता, पण ती वाट आधी दूधकोशीपर्यंत खाली उतरते आणि मग खारीखोल्याला पुन्हा चढते, हे कोण सांगणार? शिवाय खेचरांची रांग आणि शेणाचा चिखल.

रानमांजर: खेचरं किंवा याक आले की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही. आणि नखं कापून जा.

वैद्यकाका: वाट कुठलीही घ्या, उंचीची सवय व्हायला वाटेतल्या नामचेला दोन रात्री आणि दिंगबोचेला दोन रात्री सोडू नका. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना झोक जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून.

चहाटळ: डायमॉक्सची गरज नाही, लसणाचं सूप प्या. मला काही झालं नाही.

वैद्यकाका: आपण खाली हेलिकॉप्टरने आलात ना?

नाना_पायपीट: गोरक्षेपजवळचा काला पत्थर, ५६४४ मीटर, तिथून एव्हरेस्ट दिसतं. पहाटे अवश्य जा. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही.

दुर्गवेडा: ५५४५, नाना.

नाना_पायपीट: आमच्या नकाशात ५६४४ होतं.

(पुढचे अकरा प्रतिसाद काला पत्थरच्या उंचीवर आहेत.)

हिमकण: मूळ प्रश्नाकडे येऊ या का? गुडघ्यासाठी दोन काठ्या आणि दोघांत एक पोर्टर. पाठीवर पाच किलोच्या वर काही नको. पैसे तिथे घाला, चहा-बिस्किटांत नाही. जेवायला दालभात, तो पुन्हा वाढतात. विमानाने काठमांडूला जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधार चालत नाही.

घाटवाट: सगळ्यांचे आभार. ठरलं: जाताना सल्लेरीहून चालत, येताना लुक्लाहून विमान.

दुर्गवेडा: हे तर कुणीच सुचवलं नव्हतं! मजा जातानाच्या विमानात आहे.

हिमकण: आणि अडकलात तर?

घाटवाट: म्हणूनच शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवलेत. चढाला गुडघा ऐकतो, उताराला नाही. नामचेहून लुक्लापर्यंत उतरून आल्यावर पुन्हा सल्लेरीपर्यंत ती चढउतार नको. मेहुण्याला विमानाची भीती वाटते, पण त्याला ते लुक्लाला पोचल्यावर सांगेन.

रानमांजर: मेहुण्याचे बूट कोणते आहेत?