मदत हवी आहे: समुद्रात पोहताना शार्कची भीती वाटते, काय करू?

चाटी_गल्ली
नमस्कार. जरा लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात निघायचंय. सगळं बुक झालंय, पैसे भरलेत. पोहता येतं, तो प्रश्न नाही. पण पायाखालचा तळ दिसेनासा झाला की खालून काहीतरी येतंय असंच वाटत राहतं. शार्क, ते शेपटीनं डंख मारणारे चपटे मासे, जेलीफिश, पाणसाप, त्या क्षणी जे आठवेल ते. श्वास वर अडकतो आणि मी काठाकडं सुटते. घरचे हसतात. जाऊबाई तर व्हिडिओ काढायला टपूनच बसल्यात. ‘तिकडे शार्क नसतात’ एवढंच सांगणार असाल तर नको, ते गूगलनं सांगून झालंय. भीती कमी होईल असं काहीतरी सांगा.

सात_रस्ता
कुठला समुद्र ते तर सांगा की ओ ताई! गोवा, अंदमान का थायलंड? आपल्याकडं पारा ४४ वर गेलाय, शार्क असला तरी पाण्यात जाऊन बसावं वाटायलंय.

कडक_भाकरी
आमच्या धाकट्यालाही असंच व्हायचं. लहान मुलांना जबरदस्ती करू नका. दंडाला फुगे बांधा, पाण्यात खेळणी टाका, हळूहळू रमतो. शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा.

चाटी_गल्ली
अहो, मुलाला नाही, मला भीती वाटते! वय ३८. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धेत पोहलेय मी. मुलं मजेत उड्या मारतात, म्हणून तर लाज वाटते. आणि समुद्र कुठला म्हणजे काय, तारकर्लीच. सोलापूरचा माणूस मे महिन्यात दुसरीकडे कुठं जातो? २८ तारखेला स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचं ते) आणि डॉल्फिनची बोट आहे.

देवबागचो_झील
२८ मे? ताई, खयच्या जगात आसात? दरवर्षी २५-२६ मेच्या सुमारास जलक्रीडा बंद करतत, त्या ३१ ऑगस्टपर्यंत. होडी पाण्यात जावचीच नाय. पैसे घेतल्यान कोणी? आणि भियाक काय झाला? हय जाळ्यात गावता ती मोरी, म्हणजे बारको शार्क, हात-दीड हाताची. तुम्ही तिका खातास, ती तुमका नाय.

चाटी_गल्ली
बंद??? एजंटनं हे सांगितलंच नाही. त्याला फोन लावते. पण तोवर मूळ प्रश्नाचं बोला ना कोणीतरी.

शंकासुर
आकड्यांत बोलू. फ्लोरिडा विद्यापीठात जगभरातल्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवतात. माणसानं खोडी काढली नसताना शार्क चावल्याच्या घटना २०२३ मध्ये ६९ आणि २०२४ मध्ये ४७. साऱ्या जगात, वर्षभरात. त्यातला मोठा वाटा अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचा. सोलापूर-पुणे हायवेवर याहून जास्त धोका पत्करून तुम्ही दर दिवाळीत माहेरी जाता.

सात_रस्ता
माहेर पुण्याला आहे हे कुठं सांगितलंय त्यांनी?

रातकिडा
आकडे ऐकून भीती गेली असती तर विमानात कुणी देवाचं नाव घेतलं नसतं. आणि आपल्याकडं काहीच होत नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात, वैतरणा खाडीत एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला होता शार्कनं. बातमी सगळीकडं होती.

शंकासुर
अर्धी बातमी सांगून घाबरवू नका. तो बुल शार्क होता. ही जात खाडीतून नदीच्या गोड्या पाण्यातही चढते आणि गढुळात शिकार करते. अशी घटना आपल्याकडं इतकी विरळ की म्हणूनच तिची एवढी बातमी झाली. तारकर्लीच्या पुळणीवर कमरेएवढ्या पाण्यात खेळण्याशी तिचा काय संबंध?

चाटी_गल्ली
वा. आता खाडीचीही भीती. धन्यवाद.

मीठमिरची
ताई, तिथे डॉल्फिन आहेत ना, मग निर्धास्त जा. डॉल्फिन असतात तिथे शार्क फिरकत नाही.

शंकासुर
हे चूक आहे. दोघं त्याच माशांच्या थव्यामागं असतात, एकाच पाण्यात सापडतात. डॉल्फिन दिसला म्हणून शार्क नाही असं होत नाही आणि डॉल्फिन दिसला म्हणून शार्क आहे असंही नाही.

आज्जी_ऑनलाइन
जेलीफिश चावली तर चिंचेचा कोळ चोळायचा आणि वर गोड्या पाण्यानं धुवायचं. आमच्या शेजारणीला गणपतीपुळ्याला लगेच आराम पडला होता.

वैद्यबुवा
आज्जी, माफ करा, पण कृपया कोणी असं करू नका. चोळल्यानं त्वचेला चिकटलेल्या न फुटलेल्या दंशपेशी फुटतात आणि विष वाढतं. गोड्या पाण्यानंही तेच होऊ शकतं. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. लघवी, वाळू, चुना यातलं काहीही नको. धाप लागली, छाती आवळली, अंगभर पुरळ उठलं तर थेट दवाखाना.

रातकिडा
व्हिनेगर राहिलं. सगळे तेच सांगतात.

वैद्यबुवा
काही जातींना उपयोगी, काहींना उलट त्रासदायक. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखा ब्लूबॉटल येतो, त्याच्यावर व्हिनेगर टाकावं की नाही यावर तज्ज्ञांत वाद आहेत. बाटली घेऊन फिरण्यापेक्षा गरम पाण्याचा थर्मास जवळ ठेवा. पाकटाच्या, म्हणजे तुमच्या त्या शेपटीनं डंख मारणाऱ्या चपट्या माशाच्या, काट्यालाही तोच लागतो. ते विष उष्णतेनं निकामी होतं, म्हणून साधारण ४५ अंशांच्या पाण्यात पाय, दुखणं उतरेपर्यंत. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघा, दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. काटा खोल असेल तर स्वतः उपसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागेल.

देवबागचो_झील
पाकट वाळूत दडान रवता. पाय उचलून टाकू नकात, वाळूत घासत घासत चला. धमक लागली काय ता आपसूक पळता. आमची पोरा लहानपणापासून तशीच चलतत.

रातकिडा
२०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटानं डंख मारले होते. गढूळ पाणी, अनवाणी गर्दी. हे खरं भ्यायचं प्रकरण, शार्क नव्हे.

कडक_भाकरी
एवढ्या लांब जायच्या आधी हिप्परग्याच्या तलावात नाहीतर उजनीच्या बॅकवॉटरला सराव करा. तिथेही तळ दिसत नाही, पण शार्क नाही याची शंभर टक्के खात्री. येताना भिगवणला चिलापी फ्राय.

सात_रस्ता
काय बे, तलावात उतरवायलाव बाईंना? गाळ, शेवाळ, मासेमारीची जाळी. दर उन्हाळ्यात पेपरात काय येतंय ते वाचत नाही काय? चिलापीचं मात्र बरोबर बोललाव. पण भिगवणपेक्षा टेंभुर्णीच्या बाजूला चांगली मिळते.

कडक_भाकरी
टेंभुर्णीला? तिखटात बुडवून देतात, माशाची चवच लागत नाही.

मीठमिरची
चिलापी मुळात आपला मासा नाहीच, आफ्रिकेतून आणलेला. त्यानं नदीतले स्थानिक मासे संपवत आणले.

चाटी_गल्ली
चिलापीचा वेगळा धागा काढा ना!! एजंट म्हणतो, ‘बघू, तारीख अलीकडे घेता येईल.’ २४ ला जावं लागेल बहुतेक. म्हणजे माझे चार दिवस आणखी गेले. अजून एक, इथं विचारायला संकोच वाटतो, पण पाळी त्याच सुमारास आहे. रक्ताच्या वासावर शार्क येतात म्हणतात ना?

वैद्यबुवा
संकोच कसला. पाळीत पोहणाऱ्या बायकांवर हल्ले जास्त होतात असा कुठलाही पुरावा नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरा आणि उतरा. मला दुसरंच विचारायचंय. तुम्ही स्कूबा म्हणालात. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, यातलं काही? आणि श्वास वर अडकतो तो फक्त समुद्रातच का?

चाटी_गल्ली
लहानपणी दमा होता. आता काही नाही. धुळीनं कधीतरी होतं, पंप पर्समध्ये असतो. त्याचं काय?

वैद्यबुवा
त्याचं बरंच काही. पंप लागतो म्हणजे दमा आहे. खाली छातीत हवा अडकून राहिली आणि तुम्ही वर आलात तर ती फुगते, फुफ्फुस फाटू शकतं. छातीच्या डॉक्टरांना दाखवून, फुंकर मारायची ती स्पायरोमेट्री तपासणी करून, ते हो म्हणाले तरच स्कूबा. तिथे फॉर्म भरून घेतात, त्यात ‘नाही’ लिहू नका. घाबरून श्वास वर येणं आणि दमा यात तुमची गल्लत होत असेल तर तेही त्याच तपासणीत कळेल.

पाणकोंबडी_७१
उशिरा येतेय धाग्यावर. मला हे सगळं झालंय, तेही अशाच कारणानं. पोहण्याच्या तलावात आपण तळाची काळी रेघ बघत पोहतो. समुद्रात ती रेघ जाते आणि मन रिकाम्या जागेत काहीतरी भरतं. शार्क नसेल तर मगर भरेल. मी काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी पोहायचंच नाही. पाण्यात बघायचा काचेचा मास्क लावून गुडघाभर पाण्यात ओणवं व्हायचं आणि फक्त बघायचं. वाळू, शंख, बोटाएवढे मासे. श्वास सोडताना मोठा सोडायचा, घेण्यापेक्षा दुप्पट वेळ. मग कंबरभर पाण्यात उताणं तरंगायचं, खाऱ्या पाण्यात अंग तलावापेक्षा सोपं तरंगतं. जावेला व्हिडिओऐवजी हात धरायला सांगा. पाण्यात एकटीनं जायचंच नाही. सकाळी जा, संध्याकाळच्या अंधुक उजेडात नको. आणि मेअखेरीला लाटा उठायला लागतात, पाणी हिवाळ्यासारखं नितळ नसतं, त्यामुळे दिसलं नाही तर ‘आज पाणीच गढूळ आहे’ म्हणून बाहेर या, उगाच झुंजू नका.

देवबागचो_झील
ह्यो शार्क-शार्क बस करा आणि माझा आयका. स्पर्धेत पोवलेली मानसाच लांब जातत. लाटो दोन्ही बाजूक फुटतत आणि मधीच पाणी शांत दिसता, थय उतरू नकात, तो ओढ आसता, भितूर नेता. नेलाच तर उलटा किनाऱ्याकडे मारू नकात, हात जातले. किनाऱ्याक समांतर पोवा, ओढीतून भायर पडलास काय मगे वळा. नायतर तरंगत रवा आणि हात वर करा. देवबागच्या संगमावर कर्लीचा पाणी समुद्राक गावता, थय तर पोवचाच नाय. माणसा बुडतत ती हेच्यान, माशान नाय.

आज्जी_ऑनलाइन
म्हणूनच मी म्हणते, काठावर बसून पाय ओले करावेत. वाटेत कोल्हापूर आहे, अंबाबाईचं दर्शन घेऊन पुढे व्हा.

सात_रस्ता
कोल्हापूरहून राधानगरी-फोंडा घाट धरा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर घ्या, पोरांना पहिल्या दिवशी मासे रुचत नाहीत.

चाटी_गल्ली
पाणकोंबडी ताई, वैद्यबुवा, देवबागचे भाऊ, मनापासून आभार. उद्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. स्कूबाच्या ऐवजी मास्क लावून वरूनच बघेन म्हणतेय. तो मास्क तिकडे भाड्यानं मिळतो की सोलापुरातून घ्यावा? साधा चालेल ना? कारण पाण्यात मी चष्मा काढते.

पाणकोंबडी_७१
चष्मा? तो कधी आला?

चाटी_गल्ली
शाळेपासून आहे. त्यात काय सांगायचं?

रातकिडा
अहो, मग तळ दिसणार कसा! तीसहून जास्त प्रतिसाद झाले, आम्ही शार्क मोजत बसलोय.

वैद्यबुवा
कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात जाऊ नका, डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. नंबरची काच बसवलेले मास्क मिळतात, ऑनलाइन मागवावा लागेल, म्हणजे आजच. आणि आधीच सांगून ठेवतो, मास्कमधून सगळं साधारण एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं. बोटाएवढा मासा हाताएवढा वाटला तर दचकू नका.

पाणकोंबडी_७१
दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच आहे का? आणि चष्म्याला सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, आहे?